खेविसपिरीचा उतार

२४ सप्टेंबर २०१३, मंगळवार

एकावन्नाव्या वर्षी नोकरी लागली. कागदावर उतरवलं, तरी खरं वाटत नाही.

सकाळी सालोमेचा फोन आला. तिच्या सहल कंपनीतला नेहमीचा गाइड जिन्यावरून पडून पाय मोडून बसलाय आणि सोमवारी हॉलंडची सात माणसं जॉर्जिया बघायला येताहेत. म्हणाली, "एतेरीबाई, गाइडची परीक्षा तर तुम्ही पास झालाच आहात. सहा-सात दिवसांचं काम. जुनी ख्रिस्ती देवळं, गुहा, डोंगर, आणि शेवटी पूर्वेला काखेतीत वाइन. जमेल ना?"

जमेल म्हटलं. आवाज कापला असावा, कारण ती हसली. "घाबरू नका हो. पाहुणे आहेत ते, इन्स्पेक्टर नाहीत."

शेतकी संस्था बंद पडल्यापासून मी काय काय नाही केलं! बाजारात सूर्यफुलाच्या बिया विकल्या. पोरांच्या शिकवण्या घेतल्या. चाळिशी उलटल्यावर कॅसेट लावून इंग्रजी शिकले, आणि शेजारीण म्हणायची, "एतेरी, आता कुणाशी बोलणार आहेस गं, राणीशी?" माझी लेक थेओना दोन वर्षं ग्रीसमध्ये, थेसालोनिकीत दुसऱ्या कुणाच्या म्हाताऱ्या आईला न्हाऊ-माखू घालतेय. हा हंगाम नीट गेला तर तिला परत बोलावता येईल. सालोमे म्हणालीय की काम आवडलं तर वसंतापासून कायम घेईन.

आनंदाची बातमी आहे. मग 'काखेतीत वाइन' हेच तेवढं मनात का अडकलंय?

२६ सप्टेंबर

कार्यक्रमाचा कागद आला. सगळी ठिकाणं तोंडपाठ आहेत. शनिवारच्या ओळीवर मात्र डोळे अडकले: 'दुपारचं जेवण, खेविसपिरी गाव. गार्सेवान यांचं घर, जुन्या पद्धतीचं वाइनघर.'

लगेच फोन लावला. दर वर्षी तेलावीजवळच्या मोठ्या कारखान्यात जातात ना, मग हे काय?

"अहो, तोडणीचे दिवस," सालोमे म्हणाली. "तिथं कुणाला वेळ नाही. हे आजोबा अजून जमिनीत पुरलेल्या रांजणात वाइन करतात. आधी नाहीच म्हणत होते. मग मी तुमची जाहिरात केली! म्हटलं, आमच्या बाई साध्यासुध्या गाइड नाहीत, पूर्वी तुमच्याच जिल्ह्यात कृषी अधिकारी होत्या, पान बघून वेल ओळखतात. त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, आणा. त्यांना नक्की आणा. बघा, तुमची पदवी कामी आली की नाही!"

एतेरी नावाच्या बायका काखेतीत गल्लीत तीन-तीन सापडतात. आणि तेव्हा माझं आडनाव माहेरचं होतं. सत्तावीस वर्षं झाली. केस पांढरे झाले, अंगानं दुप्पट झाले. शिकलेल्या माणसाचा मान ठेवायची रीत आहे तिकडे, दुसरं काही नाही.

आणि ओळखलं तरी काय? सोव्हिएत राज्यात त्या वर्षी मॉस्कोहून दारूबंदीचा हुकूम आला होता. वेली काढा म्हणाले, काढल्या. मी चोवीस वर्षांची पोरगी होते. हुकूम मी काढला होता का?

३० सप्टेंबर, सोमवार

पाहुणे आले. चांगली माणसं आहेत. सगळ्यांत वयस्क हानेकेबाई. अडुसष्टाव्या वर्षी काठी न घेता चालतात. तीस वर्षं कोर्टात साक्षीदारांचे जबाब लिहून घ्यायच्या. आता सवयीनं वहीत सगळं टिपतात, आणि प्रश्न विचारतात ते असे की 'साधारण' म्हणून सुटका नाही.

ड्रायव्हर जुम्बेर मूळचा काखेतीचाच, खेविसपिरीपासून दोन गावं पलीकडचा. बडबड्या. मला 'बाईसाहेब' म्हणतो आणि आरशातून बघत राहतो. सालोमेनं त्याला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलं असणार.

विमानतळावरून येताना मी आठ हजार वर्षांची परंपरा वगैरे सांगितलं. मग ओघात बोलून गेले, की शहाऐंशी साली त्यांनी जुन्या वेली मुळापासून उपटल्या.

हानेकेबाईंनी पेन थांबवलं. "त्यांनी म्हणजे कुणी?"

"सरकारनं."

"सरकारला हात नसतात. कुणी उपटल्या?"

जुम्बेरला इंग्रजी फारसं येत नाही. तरी आरशातून बघितलंनच.

"ट्रॅक्टरनं," मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसले.

१ ऑक्टोबर

म्त्सखेता. टेकडीवरच्या देवळापासून दोन नद्यांचा संगम दाखवला. एक हिरवट, एक मातकट. वारा इतका की माझे शब्द पाहुण्यांच्या आधी खाली पोचत होते.

मोठ्या देवळाच्या भिंतीवर दगडात कोरलेला हात आहे. लोक सांगतात, शिष्याचं बांधकाम गुरूपेक्षा सरस झालं म्हणून गुरूनं मत्सरापोटी त्याचा हात तोडवला. मी ही गोष्ट छान सांगते, आजही सांगितली. हानेकेबाई म्हणाल्या, "त्या गुरूला कुणी विचारलं का, की बाबा रे, का केलंस?"

म्हटलं, आख्यायिका आहे ही, खटला नव्हे.

"हं. पण लोकांना हात तेवढा आठवला. कारण गुरूला एकट्यालाच माहीत."

चिडचिड झाली. संध्याकाळी हॉटेलात पाहुण्यांच्या चाव्यांची अदलाबदल केली, दोघांना भलत्याच खोल्यांत पाठवलं. असली चूक मी कधी करत नाही.

२ ऑक्टोबर

उप्लिस्त्सिखेच्या गुहा. खडकात कोरलेलं अख्खं गाव, आणि त्यातही द्राक्षं तुडवायची दगडी कुंडी. त्या कुंडीपाशी उभं राहून मी पाच मिनिटं बोलले आणि काय बोलले ते आठवत नाही.

गेल्या आठवड्यात हुकमाचं लिहिलं त्यात एक दुरुस्ती. कुणाच्या वेली काढायच्या ती यादी मॉस्कोहून आली नव्हती. राजधानीतून, तिबिलिसीहूनही नाही. आला होता फक्त आकडा: खेविसपिरी, एवढे हेक्टर. नावं कुणाची घालायची ते जिल्ह्यानं बघायचं. म्हणजे मी.

पण आकडा भरायचाच होता. मी नसते तर दुसऱ्या कुणी भरला असता.

३ ऑक्टोबर

काझबेगी. डोंगर दिवसभर ढगात. वरच्या देवळापर्यंत जीपनं गेलो, तर पाच हातांपलीकडे काही दिसेना. पाहुण्यांचा मूड जायला लागला, तेव्हा जुम्बेरनं थर्मासमधून चहा ओतला आणि म्हणाला, "बाईसाहेब, भाषांतर करा. डोंगर दिसत नाही तर गोष्ट ऐका."

त्याची गोष्ट अशी. खेविसपिरीत दोन घरं समोरासमोर. मधली बोळ एवढी अरुंद की एकाकडचा धूर दुसऱ्याच्या रश्श्यात. घरमालक दोघे लहानपणापासूनचे मित्र, एकमेकांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभे राहिलेले. कधीतरी वेलींवरून काही बिनसलं. सत्तावीस वर्षं एक शब्द नाही. गेल्या हिवाळ्यात त्यातला एक मेला. अख्खं गाव अंत्ययात्रेला, आणि समोरच्यानं खिडक्या लावून घेतल्या.

"आणि मेलेल्याची बायको," जुम्बेर म्हणाला, "अजून रोज सकाळी बोळ झाडते. स्वतःच्या अर्ध्यापर्यंत. झाडूची रेघ दिसते बघा, आखल्यासारखी."

पाहुण्यांना फार आवडली. मी म्हटलं, काखेतीची माणसं म्हणजे खेचराच्या वरताण हट्टी. जुम्बेर माझ्याकडे बघत राहिला, जणू आणखी काही बोलेन म्हणून. बोलण्यासारखं होतं काय त्यात? शेजाऱ्यांची भांडणं कुठे नसतात?

परवा शनिवार.

४ ऑक्टोबर, शुक्रवार. तेलावी

आज मी खोटं बोलले, आणि नीट बोलताही आलं नाही.

गोम्बोरी घाट उतरताना चहाला थांबलो, तेव्हा बाजूला जाऊन सालोमेला फोन केला. वर पाऊस झालाय, खेविसपिरीचा पूल वाहून गेलाय म्हणतात, आपण दुसरीकडे जेवू. ती घाबरली, चौकशी करते म्हणाली. वळले तर जुम्बेर मागे, हातात बिस्किटाचा पुडा.

"पूल मजबूत आहे, बाईसाहेब. सकाळीच मेहुणा त्यावरून द्राक्षांचा ट्रक घेऊन आला."

"मला कुणीतरी सांगितलं..."

"असेल." त्यानं पुडा पुढं केला. "बिस्किट घ्या. तोंड कोरडं पडलंय तुमचं."

सालोमेला त्यानंच परत फोन केला. काय सांगितलं कुणास ठाऊक, ती मला काही बोलली नाही. चहाडखोर!

तर आता सगळं लिहूनच टाकते, म्हणजे डोकं हलकं होईल. रस्त्यालगत दोन उतार होते. सारखेच मोठे, सारखेच जुने, दोन्हींवर 'किसी' नावाच्या द्राक्षाच्या वेली. एक गार्सेवानचा, एक त्याच्या शेजाऱ्याचा, बेझानाचा. आकड्यासाठी एक पुरे होता. बेझाना गावसभेचा कारकून होता, त्याच्याच घरी बसून मी यादी लिहिली. कुठला तरी एक लिहायला हवा होता. लिहिला.

त्याच्या एक आठवडा आधी गिरणीपाशी एक प्रसंग घडला होता. दहा-बारा पुरुष बसले होते, मी चिखलातून शहरी बूट सांभाळत चालले होते. गार्सेवान मोठ्यांदा म्हणाला, "काय गं पोरी, वेल आणि काकडी यांतला फरक तरी सांगता येतो का?" सगळे खो-खो हसले. मी शेतकीच्या पदवीला पहिली आले होते.

पण त्याचा यादीशी काही संबंध नव्हता.

५ ऑक्टोबर, शनिवार

जुम्बेरच्या बहिणीकडे बसून लिहितेय. सगळं क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

अकराला खेविसपिरीत शिरलो. पूल जागेवर. अलीकडच्या उतारावर मका, कापून झालेला. पलीकडच्या उतारावर जुन्या वेली, पानं पिवळी पडत आलेली. बोळ अरुंद. अर्धी झाडलेली.

ती रेघ बघितली तेव्हा मला कळलं, जुम्बेरची गोष्ट कुणाची होती. मी शहाणी, शिकलेली बाई, मला बोळीत उभं राहून कळलं. गाडीतून उतरता उतरता समोरच्या घराच्या वरच्या खिडकीत काळ्या कपड्यांतली एक बाई दिसली. लगेच आत गेली.

गार्सेवानकाका फाटकात उभे होते. वाकलेत, मिशा पांढऱ्या. पाहुण्यांशी एकेकाशी हात मिळवला. मला फक्त म्हणाले, "आलीस?"

वाइनघरात त्यांनी रांजणावरची माती खरवडली, दगडी झाकण सरकवलं. पाहुण्यांनी फोटो काढले. काका माहिती देत होते, मी भाषांतर करत होते, आणि सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला वाटलं, ओळखलं नाही. संपलं. सुटले!

जेवण सज्ज्यात मांडलं होतं. सुनेनं चीज भरलेली गरम खाचापुरी आणली, द्राक्षाच्या काटक्यांवर मांस भाजत होतं. काका स्वतःच तामादा, म्हणजे टेबलाचे प्रमुख. प्रत्येक पेल्याआधी त्यांनी बोलायचं आणि मग सगळ्यांनी प्यायचं. पहिला पेला देवाचा, दुसरा पाहुण्यांचा. तिसऱ्याला ते उभे राहिले.

"हा पेला ज्या वेली आता नाहीत त्यांचा."

मी भाषांतर केलं.

"शहाऐंशीच्या मार्चमध्ये जिल्ह्यातून एक पोरगी आली. कागद घेऊन."

जिल्ह्यातून एक मुलगी आली, मी म्हटलं. कागद घेऊन.

"माझ्या वडिलांनी तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही. मग ट्रॅक्टर आला. बुंध्याला साखळी बांधायचे आणि ओढायचे. साठ वर्षांची वेल पटकन निघत नाही. आधी आवाज करते. वडील तिसऱ्या ओळीत जाऊन जमिनीवर बसले. शिपायांनी दोन्ही काखांत हात घालून उचललं. मुलगी बांधावर उभी होती. त्या संध्याकाळी वडिलांनी अंथरूण धरलं. ईस्टरच्या आधी पुरलं आम्ही त्यांना."

मी एकेक वाक्य सांगत गेले. माझा आवाज अगदी नीट होता. देवळातल्या दगडी हाताची गोष्ट सांगते तसा.

हानेकेबाईंनी विचारलं, "ती मुलगी काही बोलली का?"

काका म्हणाले, "बोलली. 'मी फक्त माझं काम करतेय.'"

मला आठवत नाही. पण म्हटलं असणार.

"तिचं नाव काय होतं?" हानेकेबाई म्हणाल्या.

हा प्रश्न मी जॉर्जियनमध्ये काकांना विचारला. माझ्या तोंडानं. काकांनी पेला हातात फिरवला, मग आल्यापासून पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

"म्हातारा झालो. नाव विसरलो. सांग त्यांना, विसरलो म्हणून."

एवढंच सांगायचं होतं. 'ते विसरले.' दोन शब्दांचं काम. पाहुणे मान हलवून प्यायले असते, चौथा पेला शांततेचा झाला असता, आणि वसंतापासून माझी नोकरी पक्की. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "ते म्हणतात..." मग पुढे सरकेचना. समोर सात तोंडं वाट बघत होती.

"तिचं नाव एतेरी होतं," मी म्हटलं. "ती मी."

एक जण हसला, त्याला वाटलं इंग्रजी चुकली. "ती, असं म्हणायचंय ना तुम्हाला?"

"नाही. मी."

काकांना इंग्रजी येत नाही, पण नाव ऐकलं होतं. "काय सांगितलंस त्यांना?"

"खरं ते."

ते खाली बसले. पेला न पिता ठेवला. "मग मलाही सांग. मी तुला शिव्या घालायला बोलावलं नाही. शिव्या सत्तावीस वर्षं घालून झाल्यात. मला एकच हवंय. दोन उतार सारखे होते. यादी बेझानाच्या टेबलावर लिहिली गेली, सगळ्या गावानं बघितलं. माझं नाव त्यानं घातलं. हो म्हण, म्हणजे तुझ्या तोंडून ऐकलं की मी मोकळा."

बघा! किती सोपं. 'हो' म्हटलं असतं तर त्यांनाही बरं वाटलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "मी घातलं. बेझानाकाका नको म्हणत होते. माझा उतार लिही म्हणत होते. माझ्या घरात म्हातारं माणूस नाही, गार्सेवानचा बाप हे सोसायचा नाही, असं म्हणाले. दोनदा म्हणाले."

"मग?"

"आठवड्याआधी गिरणीपाशी तुम्ही मला हसला होतात. लोकांसमोर."

"मी? कशावरून?"

"वेल आणि काकडीतला फरक कळतो का, म्हणालात."

ते कपाळाला आठ्या घालून आठवत राहिले. मनापासून आठवत होते. आणि मला दिसलं, त्यांना काहीही आठवत नव्हतं. ज्या वाक्यावर मी तो उतार उपटवला, ते म्हणणाऱ्याच्या लक्षातसुद्धा राहिलं नव्हतं.

"असं म्हणालो मी?" ते म्हणाले. मग विचारलं, "आणि त्यानं त्याचा देऊ केला?"

"हो."

"दोनदा?"

"हो."

तामादानं टेबल सोडून जायचं नसतं. काका उठले, जुम्बेरच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "टेबल तू सांभाळ. पाहुणे उपाशी राहता कामा नयेत." टोपी शोधायला लागले. ती त्यांच्या दुसऱ्या हातातच होती. मग पायऱ्या उतरून बोळीत गेले.

सज्ज्यातून सगळं दिसत होतं. समोरच्या फाटकापाशी उभे राहिले. कडीला हात लावला, काढला, परत लावला. शेवटी हाक मारली, "पेलो!"

खिडकी उघडली. काळ्या कपड्यांतली ती बाई. बेझानाकाकांची बायको.

"तुझ्याशी मला बोलायचं नाही," ती वरूनच म्हणाली, सगळ्या बोळीला ऐकू जाईल अशी. "त्या पोरीला पाठव. गाडीतून उतरली तेव्हाच ओळखलंय मी तिला. चालायला अजून तशीच, जमीन टोचल्यासारखी."

मी गेले. पेलोमावशीनं मला बस म्हटलं नाही. स्वयंपाकघर तेच, टेबलही तेच.

मी सांगायला लागले तर हात वर केला. "मला काय सांगतेस? मी इथंच होते. चहा मीच दिला होता तुला. 'माझा लिही' म्हणाला तेव्हा मला इतका राग आला होता त्याचा! रात्री भांडले. म्हटलं, आपल्या वेली का देतोस?"

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही? इतकी वर्षं?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हणायचा, गार्सेवानला माझ्याबद्दल असं वाटूच कसं शकतं? ज्याला वाटलं, त्यानंच येऊन विचारावं. मी कशाला दारोदार पुरावे घेऊन फिरू? जेवताना खुर्ची खिडकीकडे करून बसायचा. शेवटच्या आठवड्यातसुद्धा. मला म्हणायचा, बघ गं, फाटक वाजलं का."

मी माफी मागायला लागले.

"ते ठेव तुझ्याकडे," मावशी म्हणाली. "मला त्याचं काय लोणचं घालायचंय? उद्या रविवार आहे. प्रार्थना संपली की देवळाच्या अंगणात सगळं गाव उभं असतं. तिथं सांग. मोठ्यानं. माझ्या माणसाला सत्तावीस वर्षं चुगलखोर म्हटलंय त्यांनी. तोंडावर नाही, पण म्हटलंय."

उद्या सकाळी पाहुण्यांना सिघनाघीला न्यायचंय. बोळीतूनच सालोमेला फोन केला आणि या वेळी काही दडवलं नाही. ती रडकुंडीला आली. "एतेरीबाई, मला वाईट वाटतंय हो, खरंच. पण गट मध्ये सोडून जाणारा गाइड मी ठेवू शकत नाही. उद्या तिथं राहिलात तर सोमवारी येऊ नका."

म्हटलं, समजलं.

हानेकेबाई गाडीपाशी उभ्या होत्या. "आम्ही मोठी माणसं आहोत, ड्रायव्हरला रस्ता माहीत आहे," म्हणाल्या. मग वही पिशवीत टाकली. "तीस वर्षं मी दुसऱ्यांचे जबाब लिहिले. आजचा नाही लिहिला."

जुम्बेरनं मला इथं बहिणीकडे सोडलं. उतरताना मी त्याला विचारलं, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"दोन घरांची गोष्ट अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे. तुमचं नाव त्यात नव्हतं." त्यानं आरसा उगाच नीट केला. "पूल वाहून गेला म्हणालात, तेव्हा कळलं."

सालोमेला मग फोनवर तो काय बोलला होता? विचारायचं राहून गेलं.

६ ऑक्टोबर, रविवार

देवळाखालच्या थांब्यावर बसून लिहितेय. तेलावीची गाडी दुपारी आहे. थेओनाला आज फोन करायला हवा. तिला यातलं काही माहीत नाही, आणि परत यायचं लांबलं हेही सांगायचंय.

प्रार्थनेला मी आत गेले नाही. अंगणात अक्रोडाखाली उभी राहिले. लोक बाहेर आले, नेहमीप्रमाणे घोळके करून बोलायला लागले. कुणाचा ट्रक, कुणाची साखर, यंदा द्राक्षाला भाव काय. मी आवाज काढला तो कुणाला ऐकूच गेला नाही. दुसऱ्यांदा ओरडावं लागलं. माझं माहेरचं आडनाव सांगितलं. काही म्हाताऱ्यांनी मान वळवली.

सांगायला फार वेळ लागला नाही. मला वाटलं होतं तास लागेल. आकडा आला होता, नाव मी घातलं, गिरणीपाशी मला हसले म्हणून घातलं, बेझानांनी स्वतःचा उतार देऊ केला होता, मी ऐकलं नाही. पाच-सहा वाक्यं झाली आणि संपलं. पुढे काय करायचं ते मला सुचेना. हात कुठे ठेवावेत तेही कळेना.

"कशासाठी हसले म्हणालीस?" मागून एका बहिऱ्या आजोबांनी विचारलं. परत सांगावं लागलं. काकडीचं सगळं.

कुणी हसलं नाही. एक बाई पुढे आली, माझ्या पायांपाशी थुंकली आणि निघून गेली. तिच्या सासऱ्याला मी कदाचित ओळखत असेन. एक जण म्हणाला, "आता सांगून काय उपयोग?" दुसरा म्हणाला, "अरे गप, सांगू दे तिला." पण माझं सांगून झालं होतं. मग लोकांची तोंडं हळूहळू माझ्यावरून हलली आणि भिंतीकडे वळली.

पेलोमावशी दक्षिणेच्या भिंतीशी उभी होती. तिथं पत्र्याखाली चिंचोळी सावली असते. गार्सेवानकाका अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, उन्हात. टोपी हातात. सगळं गाव मधे. ते चालत निघाले तशी माणसं बाजूला झाली. तिच्यापासून दोन हातांवर जाऊन थांबले. ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही. मावशीनं त्यांच्याकडे बघितलं नाही, समोर डोंगराकडे बघत राहिली. ते तसेच उन्हात उभे.

मग मावशी एक पाऊल बाजूला सरकली. सावलीत एका माणसापुरती जागा झाली. काका जाऊन तिथं उभे राहिले.